भोक पडलेली तांब्याची वाटी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती आणि विणकामाचे नमुने तर असतातच. त्यांच्या जोडीला या वर्षी आपल्या भागाच्या इतिहासावरही एक लेख असावा, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. भोर आणि वेल्हे या भागाचा इतिहास म्हटला की तोरणा, राजगड, रायरेश्वर, रोहिडा ही नावे डोळ्यांसमोर उभी राहतात. त्यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात माझ्या लेखणीने भर ती काय पडणार? म्हणून भगिनींनो, मी आपल्याला गडावर न नेता माळ्यावर नेणार आहे. ज्या वस्तूची ही हकिगत आहे ती एक साधी तांब्याची वाटी आहे, आणि तिच्या बुडाला भोक आहे.

आपल्या मंडळातील एका भगिनीची लेक वेल्ह्याकडे दिलेली आहे. तिच्या सासरचे घर जुने. गेल्या वर्षी घरावरची कौले उतरवून पत्रे घालायचे ठरले, म्हणून माळा रिकामा केला. जुनी तांब्यापितळेची भांडी खाली आली, त्यांत ही वाटी निघाली. घरात कोणालाच तिचा उपयोग सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, तांबट आला की भोकाला डाक लावून घेऊ, नैवेद्याला होईल. दिराचे म्हणणे पडले की सगळीच मोड एकदम घालावी आणि नवीन भांडी घ्यावी. लेकीने वाटीची दोन छायाचित्रे काढून मोबाईलवर आईला पाठवली आणि खाली लिहिले, "आई, मंडळात विचार ही कसली वाटी ते. आठ दिवसांत कळले तर ठीक, नाही तर मोडीत जाईल."

शुक्रवारच्या बैठकीत भजन झाल्यावर ती छायाचित्रे हातोहात फिरली. पहिल्या छायाचित्रात वाटी सतरंजीवर ठेवलेली होती आणि मापासाठी शेजारी काड्यापेटी. तीन काड्यापेट्या लांबीला लांबी लावून ठेवाव्यात एवढे तिचे तोंड, म्हणजे वीतभराहून थोडे कमी. पत्रा अगदी पातळ. काठ साधा, त्याला दुमड नाही, कडी नाही, कान नाही, नक्षी नाही. दुसऱ्या छायाचित्रात कोणीतरी ती खिडकीसमोर उजेडात धरली होती. बुडाच्या बरोबर मध्यावर उजेडाचा एक ठिपका दिसत होता, मोहरीच्या दाण्याहूनही लहान.

मग तर्क सुरू झाले. एकीने सांगितले, ही तराजूची एक पारडी. दुसरी म्हणाली, तेल मापायचे माप असेल, झिजून भोक पडले असेल. तिसरीने दिव्याचे झाकण ठरवले. पण बहुतेकींचे मत पडले ते गळतीचे. महादेवाच्या पिंडीवर श्रावणात अभिषेकाचे भांडे टांगतात, त्याच्या बुडाला भोक असते आणि त्यातून पाण्याची संततधार पडते, ती गळती. आपल्याकडे महादेवाची देवळे पुष्कळ, त्यामुळे हा तर्क सर्वांना पटण्यासारखा होता. देवळात देऊन टाकावी, पुण्य तरी लागेल, असेही कोणी म्हणाल्या.

इतिहासाचे संशोधन म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, पण भांडी मी रोज घासते. भांडे हातात घेतले की ते कशासाठी केले आहे हे त्याच्या अंगावरून कळते, असा आपणा सर्वांचाच अनुभव आहे. तेव्हा एकेक तर्क आम्ही भांड्याच्या अंगाला लावून पाहू लागलो. पारडी असती तर काठाला तीन ठिकाणी दोरीसाठी भोके हवीत, ती नाहीत. माप असते तर पत्रा जाड असता, कारण माप दिवसभर आपटले जाते. झिजून पडलेले भोक वेडेवाकडे असते आणि ते बहुधा वाटी जिथे घासते तिथे पडते. हे तर गोल, आणि नेमके मध्यावर. म्हणजे ते पडलेले नव्हे, पाडलेले. आता राहिली गळती. गळती टांगायची म्हणजे तिला कड्या हव्यात, किंवा तिवईत बसेल असा काठ हवा. इथे दोन्ही नाही. शिवाय गळतीचे भोक दर्भाची काडी जाईल एवढे असते, इथे शिवणाची सुई गेली तरी नवल.

आणखी एक गोष्ट आमच्यातल्या एका वृद्ध काकूंच्या लक्षात आली. त्या म्हणाल्या, "हिला बूड कुठे आहे? जमिनीवर ठेवली तर कलंडेल." खरोखरच पहिल्या छायाचित्रात वाटी एका बाजूला कललेली दिसत होती. जे भांडे टांगता येत नाही आणि जमिनीवर नीट बसतही नाही, ते ठेवायचे तरी कुठे? पाण्यावर. तिसरी जागाच नाही.

मग आम्ही त्या लेकीला फोन लावून विचारले, वाटीबरोबर आणखी काय निघाले? तिने सांगितले, लाल फडक्यात बांधलेली जुनी पंचांगे, आणि एक मोठे घंगाळ. घर गावजोश्यांचे, पूर्वी पंचक्रोशीतली लग्ने त्यांच्या आजेसासऱ्यांचे वडील लावीत असत. एवढे कळल्यावर आमच्या मनात एक नाव येऊ लागले, पण खात्री कोण देणार? आपल्या गल्लीत वेल्ह्याकडच्या एक आजी राहतात, वय चौऱ्याऐंशी. त्यांना छायाचित्र मोठे करून दाखवले. त्यांनी चष्माही लावला नाही. म्हणाल्या, "अगं बाई, ही गळती कशाची? ही तर घटका! लगीन लावायची घटका. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात घंगाळात सोडली होती. मला राखणीला बसवलं होतं, पोराटोरांनी हात घालू नये म्हणून."

घटका! हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. "घटकाभर बसा", "घटका भरली", "शेवटच्या घटका मोजतो आहे" असे आपण म्हणतो. पण घटका ही हातात धरता येणारी वस्तू आहे, ती भरते म्हणजे खरोखरच पाण्याने भरते, हे आमच्यापैकी किती जणींना ठाऊक होते? पुस्तकात तिला घटिकापात्र किंवा घटीयंत्र म्हणतात.

तरीही छायाचित्रावरून झाला तो तर्कच. खात्री पाण्याने करायची होती. लेकीला सांगितले की वाटीला चिंच, माती काही लावू नकोस, भोकात सुई घालू नकोस. नुसती कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेव, सकाळी तोंडाने फुंकर मार आणि घंगाळात गाळलेले पाणी घेऊन त्यावर अलगद सोड. तिने तसे केले आणि मोबाईलवर वेळ लावली. पहिल्या खेपेस वाटी बुडायला पस्तीस मिनिटे लागली आणि आमची थोडी निराशा झाली. पण भोकाशी साचलेला मळ तेवढ्यात सुटला असावा. दुसऱ्या खेपेस साडेतेवीस मिनिटे झाली, तिसऱ्या खेपेस चोवीसच्या किंचित वर. फोनवर तिचा आवाज आला, "बुडाली! आत्ता बुडाली!" आणि इकडे बैठकीत टाळ्या पडल्या. एक घटका म्हणजे बरोबर चोवीस मिनिटे. ती वाटी माळ्यावर किती वर्षे पालथी पडली होती कोण जाणे, पण आपले काम विसरली नव्हती. तांबट आला तो डाक न लावताच परत गेला आणि वाटी मोडीतून वाचली.

आता या यंत्राची थोडी माहिती सांगते. आपल्या पूर्वजांनी सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या काळाचे ६० भाग केले, तीच घटका. घटकेचे ६० भाग म्हणजे पळे, पळाचे ६० भाग म्हणजे विपळे. आजच्या हिशेबाने घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे. अडीच घटकांचा एक तास. दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. साडेसात घटकांचा एक प्रहर, म्हणजे तीन तास. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार. दोन प्रहर झाले की दुपार. दुपार हा शब्दच द्विप्रहरावरून आला. रात्री एकेका प्रहराची राखण म्हणजे पहारा. तोरण्याच्या आणि राजगडाच्या तटांवर ज्यांनी पहारे केले, त्यांच्या त्या कामाच्या नावातच काळाचे माप आहे.

सूर्यसिद्धान्त नावाच्या प्राचीन ग्रंथात या वाटीचे वर्णन दिले आहे. तांब्याचे भांडे, बुडाला भोक, ते स्वच्छ पाण्याच्या कुंडात सोडले असता अहोरात्रात ६० वेळा बुडावे. आपल्या वेल्ह्याच्या वाटीला यातले एक अक्षरही बदलावे लागत नाही. पाणी स्वच्छ असावे, ही अट किती शहाणपणाची आहे ते आपल्या लेकीच्या पहिल्या खेपेने दाखवलेच. भोकाशी केरकण आला की काळ लांबतो. थंड पाणी आत शिरायलाही अधिक वेळ घेते, म्हणून माघातली घटका वैशाखातल्या घटकेहून किंचित लांबते.

पाण्यावर काळ मोजण्याची युक्ती इतर देशांतही होती, पण तिची रीत निराळी. इजिप्त देशात कर्नाक येथे सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे एक दगडी भांडे सापडले आहे. ते पाण्याने भरून ठेवायचे आणि बुडाजवळच्या भोकातून पाणी गळू द्यायचे. आतल्या खुणांवरून वेळ समजायची. त्यात अडचण अशी की, भांडे भरलेले असताना धार जोरात येते आणि पाणी उतरले की मंदावते. आपण माठाच्या तोटीवर हे रोज पाहतो. ते सावरण्यासाठी भांड्याच्या बाजू उतरत्या केलेल्या होत्या. आपल्या घटकेत पाणी बाहेर जात नाही, आत येते. जसजसे पाणी आत शिरते तसतशी वाटी खाली जाते, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतील अंतर फारसे बदलत नाही. शिवाय खुणाही वाचाव्या लागत नाहीत. बुडाली की घटका झाली; उचलून रिकामी करायची आणि पुन्हा सोडायची.

मला वाटले, यात कठीण ते काय? घरातली ॲल्युमिनियमची एक जुनी वाटी घेतली, गोधडी शिवायच्या दाभणाने भोक पाडले आणि परातीत सोडली. चार मिनिटांत तळाला गेली. भोक पाडणे सोपे आहे, चोवीस मिनिटांचे भोक पाडणे कठीण आहे. वाटीचे वजन, तिचा घेर आणि भोकाचा आकार या तिन्हींचा मेळ ज्या तांबटाने बसवला, तो अडाणी नव्हता. त्याचे नाव कुठेही लिहिलेले नाही.

हे यंत्र लग्नापुरतेच होते असेही नाही. मोठ्या शहरांतून घटका मोजणारे पगारी लोक असत. दिल्लीचा सुलतान फिरोझशाह तुघलक (कारकीर्द १३५१ ते १३८८) याने आपल्या राजधानीत असे यंत्र बसवले होते, त्याला तास-ए-घडियाल म्हणत. फारशी भाषेत तास म्हणजे वाटी किंवा पसरट भांडे. आपण ज्याला तास म्हणतो तो शब्द या भांड्यावरूनच आला, असे जाणकार सांगतात. १५२६ साली हिंदुस्थानात आलेल्या बाबराने आपल्या आठवणींत या रिवाजाचे वर्णन केले आहे. पाण्यातली वाटी भरली की उंच टांगलेल्या पितळी थाळीवर टोले द्यायचे, पहिल्या घटकेस एक, दुसऱ्या घटकेस दोन, असे. पण रात्री जागा झालेल्या माणसाला घटकेचे टोले ऐकू आले तरी प्रहर कितवा हे कळत नसे. म्हणून बाबराने हुकूम केला की घटकेचे टोले झाल्यावर जरा थांबून प्रहराचेही टोले द्यावेत. घड्याळ म्हणजे मूळची ही टोल्यांची थाळी. आपण शाळेत असताना व्हरांड्यात टांगलेल्या जाड पितळी थाळीवर शिपाई टोल देत असे, ती त्या घड्याळाचीच वंशज. हातावरच्या घड्याळाला पाणी लागू नये म्हणून आपण जपतो, आणि त्या शब्दाचा जन्म मात्र पाण्यातला!

आता आपल्या भोरकडे वळू. भोर तालुक्यातील कारी हे गाव कान्होजी जेध्यांचे. शिवाजी महाराजांच्या स्वराज्यासाठी ज्यांनी आपले वतन पणाला लावले, त्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक जुनी शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, याचा मोठा आधार म्हणून ही जेधे शकावली ओळखली जाते. त्या नोंदीत तिथी आणि वार तर आहेतच, पण हस्त नक्षत्राच्या घटी १८ आणि पळे ३१ असेही आकडे आहेत. ते आकडे पंचांगाच्या गणिताचे. पण राज्याभिषेकाची नोंद पाहा. शके १५९६ च्या ज्येष्ठात, म्हणजे जून १६७४ मध्ये, तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असे ती शकावली सांगते.

तीन घटका म्हणजे ७२ मिनिटे. ज्येष्ठात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. म्हणजे आजच्या घड्याळाने पहाटे पाचला दहाबारा मिनिटे कमी असतील. सूर्य उगवलेला नाही, सावली नाही, शिवाय पावसाळ्याचे तोंड, आभाळ भरलेले असायचे. अशा वेळी तीन घटका रात्र उरली हे कशावरून सांगणार? कोणीतरी रात्रभर जागून, घंगाळाशी बसून, बुडालेली वाटी उचलीत आणि पुन्हा सोडीत असला पाहिजे. त्या सोहळ्यातले सिंहासन, छत्र, होन यांची वर्णने आपण शाळेत वाचली. त्या वाटीशी बसलेल्या माणसाची आठवण मला ही शकावली समजून घेताना झाली.

घटकेची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती एका मुलीची आहे. भास्कराचार्य हे थोर गणिती शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मले. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. त्यांच्या गणिताच्या ग्रंथाचे नाव लीलावती. अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ साली त्याचे फारशीत भाषांतर केले, त्यात ही कथा येते. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या. तिच्या लग्नाला एकच शुभ घटका होती. ती चुकू नये म्हणून त्यांनी पाण्यात घटिकापात्र सोडले. मुलगी कुतूहलाने वाकून पाहू लागली, तेव्हा तिच्या अंगावरचा एक मोती निसटून वाटीत पडला आणि भोकावर बसला. पाणी आत येईना, वाटी बुडेना. सगळे वाट पाहत राहिले आणि घटका निघून गेली. मग दुःखी मुलीचे नाव अजरामर व्हावे म्हणून पित्याने ग्रंथाला ते दिले.

विद्वान हिला दंतकथा मानतात आणि ते ठीकच आहे. पण कथा रचणाऱ्याला घटकेचे कुठे बिनसते हे चांगले ठाऊक होते. आणि मला त्यात त्या मुलीचा काही अपराध दिसत नाही. जिच्या आयुष्याची घटका भरते आहे तिने ती वाकून पाहू नये, तर कोणी पाहावी? आजींना लहानपणी राखणीला बसवले ते या मोत्याच्या भयानेच असेल. लग्नघरात तर मोती नसले तरी अक्षता असतात, आणि तांदळाचा एक दाणा भोकाला पुरे.

आजींनी सांगितले ते असे. जोशीबुवा सूर्याचे बिंब अर्धे डोंगराआड गेलेले पाहून घटका पाण्यात सोडीत. घंगाळाला हळदकुंकू लागे. वाटी बुडाली की पुन्हा सोडायची, मोजणी जोशीबुवांच्या मनात. शेवटची घटका भरत आली की इकडे मंगलाष्टके आटोपत आणणार. वाटी बुडाली की अंतरपाट दूर आणि वाजंत्री सुरू. तोरण्याच्या बाजूला दिवस लवकर डोंगराआड जातो, म्हणून कोणत्या कड्यावरून किती फरक धरायचा हेही जोशीबुवांना ठाऊक असे.

मग ही घटका माळ्यावर गेली कशी? तिला कोणी हाकलले नाही. खिशातली, भिंतीवरची घड्याळे आली. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक वेळ ठरली, तरी मुंबई शहराने आपली निराळी वेळ पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली होती. देशाची वेळ पूर्वेकडच्या रेखांशावर धरलेली असल्यामुळे आपल्या भोर-वेल्ह्याला सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांनी. घटका मात्र इथल्याच सूर्योदयापासून मोजायची, ती आपल्या गावची वेळ. पंचांगातही घटीपळांच्या शेजारी तासमिनिटे आली, आणि मुहूर्त पत्रिकेवर घड्याळाच्या वेळेत छापला जाऊ लागला.

पण घटका पुरती गेलेली नाही. लग्नपत्रिकेवर ११ वाजून ४४ मिनिटे असा अडनिडा मुहूर्त पाहून मुले हसतात, पावणेबारा का नाही म्हणतात. समजा, त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून २० मिनिटांनी आहे आणि मुहूर्त सूर्योदयापासून १३ घटी ३० पळांवर आहे. साडेतेरा गुणिले चोवीस म्हणजे ३२४ मिनिटे, अर्थात ५ तास २४ मिनिटे. ती ६ वाजून २० मिनिटांत मिळवा; ११ वाजून ४४ मिनिटे येतात. सातवीपर्यंतचे गणित याला पुरते. त्या अडनिड्या मिनिटांच्या आत जुनी घटकाच बसलेली आहे.

भगिनींनो, आता माझे मागणे सांगते. आपल्या भागातली जुनी घरे भराभर उतरत आहेत. धरणांच्या पाण्याने काही गावे हलली, काही घरे रस्त्यात गेली, बाकीची आपणच नवी बांधतो आहोत. त्यात वाईट काही नाही. गळक्या घराचे दुःख ते आपल्यालाच काढावे लागते. पण माळा रिकामा करताना मोडीचा तराजू यायच्या आधी एक दिवस थांबा. ज्या भांड्याचा उपयोग समजत नाही ते बाजूला काढा. त्याच्या शेजारी काड्यापेटी ठेवून छायाचित्र घ्या. ते कोणत्या वस्तूंबरोबर निघाले ते कागदावर लिहून ठेवा, कारण वाटीपेक्षा तिच्या शेजारच्या लाल फडक्याने आम्हाला अधिक सांगितले. भोक असेल तर त्याला डाक लावू नका आणि त्यात सुईही घालू नका. गोल बुडाची, पातळ, बारीक भोकाची वाटी असेल तर तीन वेळा पाण्यात सोडून पाहा आणि मिनिटे लिहा. आणि सर्वांत आधी घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत वृद्ध बाईला दाखवा. आम्ही सगळ्यांनी मिळून जे दोन तासांत ठरवले ते आजींनी एका वाक्यात सांगितले. त्यांच्या वयाची माणसे गावात आता मोजकीच उरली आहेत.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरगुती वस्तू जमवल्या, त्यांतून ते उभे राहिले. ज्या वस्तू आपल्या आज्यापणज्यांच्या हातून गेल्या त्या तिथे काचेत मांडलेल्या पाहिल्या की, आपल्या घरातही इतिहास होता, हे मनाला पटते. मंडळाची सहल एकदा तिकडे न्यावी, अशी माझी सूचना आहे. वेल्ह्याच्या त्या घरी येत्या वैशाखात लग्न आहे. मुहूर्त घड्याळावरच लागणार, पण शेजारी घंगाळात घटकाही सोडायची असे सासूबाईंनीच ठरवले आहे. आणखी कोणाच्या माळ्यावर अशी वाटी असेल तर मंडळात कळवावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत तिची हकिगत छापता येईल.